निम्म्या लाईनीचा सौदा

काकाजींनी मला फसवलं. एक-दोन दिवस नव्हे, सलग तीन वर्षं, आणि तेही माझ्या डोक्यावर बसून, म्हणजे माझ्या दुकानाच्या वरच्या खोलीत बसून. फसवणारे ते आणि फसलेला मी, हे आधीच सांगून ठेवतो, कारण देवळीत आजही ही गोष्ट उलटी सांगितली जाते. लोक म्हणतात, त्या भल्या म्हाताऱ्याला या माणसानं लय छळलं. छळलं असेल. पण करार मी मोडला नाही. त्यांनी मोडला.

मी जुन्या मोटारसायकली घेतो आणि विकतो. बसस्टँडवर दुसऱ्यांच्या गाड्या धुण्यापासून सुरुवात केली, आज रस्त्याला लागून दुकान आहे, आणि त्यात कोणाचा हात नाही. गाडी बंद असताना बघायची, चालू असताना ऐकायची आणि दोन्ही वेळा मालकाच्या तोंडाकडे लक्ष ठेवायचं, एवढ्या विद्येवर मी उभा राहिलो. रंग मारून लपवलेला अपघात मी बोटानं ओळखतो. ज्याला वर्धा जिल्ह्यातला एकही गाडीवाला फसवू शकला नाही, त्याला एका निवृत्त लाईनमननं फसवावं, हे मला अजून पचलेलं नाही.

काकाजी माझ्या दुकानाच्या जागेचे मालक. टेलिफोन खात्यात लाईनमन होते. नोकरी सुटून बरीच वर्षं झाली तरी पांढऱ्या सदऱ्याच्या खिशात तीन पेनांच्या शेजारी टेस्टर असायचाच. नोकरीची पहिली वर्षं त्यांनी लांब पल्ल्याच्या जुन्या लाईनींवर काढली होती. तिथे इकडचं बोलणं तिकडे पोचायला वेळ लागे. समोरच्याचं संपलं असं वाटून आपण लगेच बोललो, तर दोन्ही आवाज मधेच एकमेकांवर आदळत आणि कोणालाच काही ऐकू येत नसे. म्हणून ते दोन सेकंद थांबून बोलायला शिकले, आणि मग ती सवय गेलीच नाही. समोर, हाताच्या अंतरावर उभ्या असलेल्या माणसालाही ते दोन सेकंद थांबून उत्तर देत.

"काकाजी, जेवण झालं का?"

एक. दोन.

"झालं."

नवा माणूस त्यांना बहिरा समजे. गुजरीतली भाजीवाली मात्र त्यांना ओळखून होती. "काकाजी, बोला बापा लवकर," ती तोंडावर म्हणायची, "तुमी चूप बसता अन् भाव माहा उतरते."

दुकान भाड्यानं घेताना माझंही तेच झालं. मी घरून आकडा ठरवून गेलो होतो. तो सांगितला. काकाजी गप्प. गप्प बसायची ही रीत मला ठाऊक आहे, मी स्वतः ती वापरतो. पण मी वापरतो तेव्हा मला आतून घाम फुटलेला असतो. हा माणूस शांतपणे पंख्याकडे बघत होता. मी म्हटलं, "बरं, थोडं वाढवतो." ते तोंड उघडणार तोच मी आणखी थोडं वाढवलं. जिना उतरताना माझ्या ध्यानात आलं की काकाजींनी एकही आकडा उच्चारला नव्हता. सगळी बोली मी एकट्यानंच लावली होती.

मी तसाच परत वर चढलो. हरलेल्या सौद्यातून काहीतरी काढल्याशिवाय मी खाली येत नाही.

"तुमच्याकडं नेट हाय," मी म्हटलं. "त्यातली निम्मी लाईन मले पाह्यजे."

दोन सेकंद गेले. "कायले?"

"खेळाले."

"काय खेळता?"

"मोबाइलवर. बंदुकीचा गेम."

त्या दिवशी पहिल्यांदा आणि शेवटचं, त्यांचं उत्तर दोन सेकंदांच्या आत आलं. "मीबी तोच खेळतो," ते म्हणाले.

साठी उलटून गेलेला, टेस्टर लावलेला हा माणूस रोज दुपारी बंदूक घेऊन पळतो, हे ऐकून मला हसू आलं. पण हसताना सौदा सोडायचा नसतो. ठरलं ते असं: लाईन निम्मी-निम्मी. खेळतानाही निम्मी-निम्मी. त्यात कोणाला जास्त नाही आणि कोणाला कमी नाही. आम्ही हातावर हात मारला. हा करार लक्षात ठेवा.

ज्यांनी हा गेम खेळला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. हा खेळ आपल्या फोनमध्ये दिसतो, पण चालतो कुठेतरी दूर, एका मोठ्या कॉम्प्युटरवर. आपण बोट दाबलं की ते तिथे कळवावं लागतं, आणि तिथून निकाल परत येतो. या जाण्यायेण्याला जो वेळ लागतो त्याला पिंग म्हणतात. तो आकडा फोनच्या कोपऱ्यात दिसतो. चाळीसच्या आसपास असला तर हिरवा. दोनशेच्या वर गेला की लाल, आणि मग तुमचा शिपाई दारात अडकतो, भिंतीत पळत राहतो, आणि मेला तरी त्याला ते उशिरा कळतं.

आम्ही दुपारी दोन ते साडेतीन खेळायचो. ही वेळ काकाजींनी ठरवली होती. संध्याकाळी सगळं गाव नेटवर चढतं, दुपारी गाव झोपतं आणि लाईन रिकामी असते, असं त्यांचं गणित. मलाही ते सोयीचं होतं. वर्ध्याकडच्या उन्हात दोन वाजता गाडी बघायला कोणी येत नाही. ते वर खुर्चीत, मी खाली काउंटरमागे. कानात तार घातली की ते आधी म्हणायचे, "हॅलो, टेस्ट. भाऊ, आवाज येते का?" जिन्यातून त्यांचा खरा आवाज येऊन गेला की मागून फोनमधला यायचा.

गेममध्ये कुठून कुठून आलेली अनोळखी माणसं असतात आणि शिव्यांशिवाय बोलत नाहीत. काकाजी मात्र प्रत्येकाला म्हणायचे, "नमस्कार. देवळीहून बोलतो." एकदा कोणीतरी त्यांना आईवरून दिली. मी खाली मुठी आवळून बसलो. काकाजी दोन सेकंद थांबले आणि म्हणाले, "आपला आवाज साफ येऊन राह्यला. पुढं बोला." तो इसम खेळच सोडून गेला.

त्यांच्याकडे एक जाड रजिस्टर होतं. प्रत्येक डावानंतर त्यात नोंद व्हायची: वेळ, पिंग, हवा, वारा, आणि हरलो तर कारण. "हार कारणाशिवाय लिहाची नाई," असा त्यांचा नियम होता. कारणं अशी असत: ढग. खांबावरच्या पेटीत मुंग्या. भाऊंनी घाई केली. नेट कंपनीवर त्यांचा विश्वास नव्हता. गल्लीतला खांब ते स्वतःच तपासून येत.

खरा त्रास वानरांचा होता. काळ्या तोंडाची ती टोळी कडुलिंबावरून आमच्या गच्चीवर यायची आणि येताना नेटच्या केबलला झोके घ्यायची. ऐन लढाईत पिंग लाल. मी फटाके आणले, गलोल आणली. काकाजींनी काही केलं नाही. एके दिवशी त्यांनी अडगळीतून जुनी मेलेली केबल काढली आणि खऱ्या केबलच्या हातभर वर, झाडापासून गच्चीपर्यंत, चांगली ताणून बांधली. दुसऱ्या दिवशी टोळी आली, वरच्या केबलला मनसोक्त लोंबकळली आणि निघून गेली. खालची केबल हललीही नाही.

"वांदरायले त्यायची लाईन देल्ली, मले माही," काकाजी म्हणाले. "भांडाचं काम नाई."

तेव्हा मी या युक्तीचं कौतुक केलं होतं. ते मी आता परत घेतो.

आता मुख्य प्रकरणाकडे येतो. दुकान घेतल्याला दोन-तीन महिने झाले असतील. एका दुपारी खेळताना भिंतीआड लपलेला गडी मला आधी दिसला. मी आधी नेम धरला, आधी गोळ्या घातल्या, त्याच्या अंगातून रक्त उडालेलं माझ्या डोळ्यांनी पाहिलं. आणि मेलो मी. कोपऱ्यातला आकडा लाल झाला होता.

मी ओरडलो, "म्या आधी मारलं ना."

वरून दोन सेकंदांनी उत्तर आलं, "चिठ्ठी आधी टाकली म्हणून आधी पोचते असं नाई ना, भाऊ."

मला राग येतो हे मी लपवत नाही. राग हे माझ्या धंद्याचं हत्यार आहे. चाव्या आपटून उठून गेल्याशिवाय समोरचा खाली येत नाही. पण धंद्यातला राग मी हातात धरून वापरतो, आणि या गेमचा राग मला धरायचा. मी हेल्मेट उचलून फेकलं. नुकत्याच रंगवलेल्या गाडीचा आरसा फुटला. आणि माझ्या नाकातून रक्ताची धार लागली, ती थांबेचना.

काकाजी खाली आले. त्यांनी मला त्यांच्या जुन्या मोपेडवर मागे बसवलं आणि दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी प्रेशर मोजलं, परत मोजलं, मग दुसऱ्या हातावर मोजलं. "नाकातून आलं हे नशीब समजा," ते म्हणाले. "पुढच्या खेपेला डोक्यात फुटेल. गोळ्या देतो, पण गोळ्या रागाच्या पुढे धावत नाहीत. रागावू नका." मला रागावू नका सांगणं म्हणजे कावळ्याला गोरा हो सांगणं. हे मी त्यांना चढ्या आवाजात सांगितलं आणि त्यांनी प्रेशर चौथ्यांदा मोजलं.

घरी बायको रडली, मग चिडली. तिनं तडक दुकानाच्या वर जाऊन काकाजींना गाठलं. मी जिन्यात उभा राहून ऐकत होतो.

"काकाजी, तुमीच सांगा याईले. तो गेम बंद करा म्हणा. माहं आयकत नाई. एक दिवस तिथंच काउंटरवर पडतीन."

बराच वेळ शांतता होती. दोन सेकंदांहून नक्कीच जास्त.

"बंद नाई करणार ते," काकाजी म्हणाले. "सांगितलं त आणखीच खेळतीन. तू घरी जाय बाई. लाईनीचं मी पाह्यतो."

मला बरं वाटलं. लाईन दुरुस्त करणार असतील, असं मी समजलो.

आणि झालंही तसंच. दुसऱ्या दिवसापासून माझा आकडा हिरवा. अडतीस, चाळीस, बेचाळीस. त्यावर कधी गेला नाही. माझी गोळी निघाली की लागायची. मी जिंकू लागलो. आरडाओरडा केला की कामं होतात, हा माझा जुना अनुभव होता. त्यात आणखी एकाची भर पडली, एवढंच मी मनात म्हटलं.

याच सुमाराला काकाजींनी प्रेशरचं मशीन विकत आणलं. साडेतीनला खेळ संपला की मला वर बोलवायचे. "हे मशीन खरं बोलते का खोटं, पाह्यचं हाय," म्हणायचे. "हात द्या." मी हात द्यायचो. ते आकडा बघायचे, रजिस्टरात काहीतरी लिहायचे. एक मशीन खरं की खोटं हे पाहायला तीन वर्षं लागतात का, हे मी एकदाही विचारलं नाही. गाडीच्या टाकीवर नाणं वाजवून पत्रा ओळखणारा मी.

मी जिंकत होतो आणि काकाजी हरत होते. त्यांचा आकडा कायम लाल. त्यांचा शिपाई दाराशी अडकून जागच्या जागी पळायचा. मी समोरचे चार मारून परत यायचो तरी हे तिथेच. आम्ही जोडीनं खेळायचो, त्यामुळे त्यांच्यामुळे मी हरलो की मी झाडूच्या दांड्यानं छताला ठोकायचो.

"काकाजी, जिते हाय का मेले?"

एक, दोन. "इकडं अजून जिताच दिसून राह्यलो."

कधीकधी ते रिकाम्या खिडकीवर गोळी झाडायचे. तिथे कोणी नसायचं. मग पळत पळत कोणीतरी यायचा आणि बरोबर त्या गोळीत सापडायचा. मी म्हणायचो, नशीब. ते म्हणायचे, "माणूस दिसते तिथं नसते, भाऊ. जिथं जाणार हाय, तिथं मारा लागते." दहातून नऊ वेळा मात्र तिथे कोणीच येत नसे आणि मागून येऊन यांनाच कोणी मारून जाई.

आमच्यासमोर येणारी माणसंही बहुतेक नवशिकी असत. मला वाटे, सगळ्या जगाचा खेळ खालावला आहे. काकाजींनी एकदा गेम जोड्या कशा लावतो ते समजावलं होतं. "हा मध्यस्थ हाय. सोयरीक जमवते. दोघं मिळून खेळाले बसले की दोघायचा दर्जा पाह्यते अन् मधातलं स्थळ काढते." म्हणजे एक तरबेज आणि एक कच्चा असला, तर समोर मध्यम माणसं येतात. काकाजींचा दर्जा हरून हरून तळाला गेला होता. त्यांच्या वजनानं माझी सोयरीक वर्षानुवर्षं सोप्या घरी जमत होती, हे मला त्या वेळी दिसलं नाही. जिंकणारा माणूस कारणं शोधत नाही.

एक दिवस मी फार वाईट बोललो. नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर पाच-सात जण होते. काकाजी शेजारीच बसले होते. मी म्हटलं, "आमचे काकाजी म्हणजे जुन्या काळचा फोन. दिसाले घरात हाय, पण लागत कधीच नाई. याईच्या संगतीनं माहं नाव खराब होऊन राह्यलं." सगळे हसले. काकाजींनी बशीतला चहा संपवला. दोन सेकंद झाले.

"बरोबर हाय," ते म्हणाले.

टपरीवाल्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मागच्या उन्हाळ्यात काकाजींच्या गुडघ्यांनी जिना नाकारला. त्यांची मुलगी केळझरला असते, ती येऊन त्यांना घेऊन गेली. जाताना त्यांनी नेटची पेटी माझ्या हवाली केली आणि रजिस्टर काखेत मारलं. मी म्हटलं, "आता तरी पूर्ण लाईन माही." त्यांनी उत्तर दिलं असेल, पण गाडी तोवर सुटली होती.

दुसऱ्या दिवसापासून मी एकटा खेळू लागलो आणि मरू लागलो. मैदानात उतरलो की मेलो. दार उघडलं की मेलो. ज्यांना मी कधी पाहिलंही नाही त्यांनी मला अशा ठिकाणांहून मारलं की ती ठिकाणं गेममध्ये आहेत हेच मला ठाऊक नव्हतं. आठवडाभर हेच. मी नेट कंपनीला फोन करकरून त्यांचा माणूस बोलावला.

तो आला, पेटीला लॅपटॉप लावला, बराच वेळ पाहिलं. "लाईन एकदम झकास हाय, भाऊ."

"मंग मी काऊन मरून राह्यलो?"

"ते मले काय ठाऊक. पण यात एक गंमत हाय. कोणत्या फोनले किती लाईन द्याची, हे या पेटीत ठरवता येते. इथं एक फोन दाबून ठेवला हाय. गळा दाबल्यावानी. थोडीशीच लाईन सोडली हाय त्याले."

"कधीपासून?"

"तीन वर्षं झाले."

"कोणाचा फोन?"

"नाव नाई, नुसता नंबर हाय. थांबा, पाह्यून सांगतो."

मी थांबलो नाही. ज्या गाडीत खोट आहे ती गाडी घेणाऱ्याच्याच माथी येते, हे मी आयुष्यभर पाहिलं आहे. दाबलेला फोन माझाच असणार, दुसरा कोणाचा असणार? निम्म्याचा करार करून मला तीन वर्षं उपाशी ठेवलं, आणि वर मशीन तपासतो म्हणून माझाच हात मागितला. माझा आकडा तीन वर्षं हिरवा होता, हे मला त्या क्षणी आठवलं नाही. रागात माणसाला आकडे आठवत नाहीत.

मी गाडीला किक मारली. देवळीहून वर्धा, वर्ध्याहून सेलू, सेलूहून केळझर. नाकाच्या शेंड्याशी ओळखीचं गरम काहीतरी जमत होतं. सेलूच्या पुढे तर मला रस्त्याच्या कडेला थांबून डोक्यावर पाणी ओतावं लागलं. मला डॉक्टर आठवले. बायको आठवली. तरी मी गाडी वळवली नाही.

देवळाच्या टेकडीखाली मुलीचं घर. काकाजी अंगणात, आंब्याच्या सावलीत, खुर्चीत. कानात तार. मला पाहून त्यांनी ती काढली. मी गाडी उभीही न करता जे बोलायला लागलो ते सगळं लिहिण्याजोगं नाही. निम्म्याचा करार, हातावर मारलेला हात, तीन वर्षं, विश्वासघात. मुलगी दारात आली. शेजारी कुंपणाशी आले.

काकाजी ऐकत राहिले. माझं संपलं. एक. दोन.

"फोन कोणता होता, ते पाह्यलं का?"

"त्यात काय पाह्यचं?"

"पाहा," ते म्हणाले, आणि मुलीला म्हणाले, "बाई, रजिस्टर आन."

मी नेटवाल्याला फोन लावला. तो अजून माझ्याच दुकानात, माझ्याच पंख्याखाली बसला होता. त्यानं नंबर वाचून दाखवला. काकाजींनी स्वतःचा फोन माझ्यापुढे धरला. तोच नंबर.

रजिस्टर मी उभ्यानंच उघडलं. मशीन आणल्यापासून प्रत्येक पानावर दोन खास रकाने होते. एकावर लिहिलं होतं "वरची लाईन", दुसऱ्यावर "खालची लाईन". वरची लाईन म्हणजे त्यांचा पिंग, पानोपानी लाल शाईत. खालची लाईन म्हणजे मी. पण तिथे पिंग नव्हता. तिथे माझं प्रेशर होतं. त्यातल्या पहिल्या पानांवरचे आकडे डॉक्टरांनी मोजले होते तसेच, चढलेले होते. पुढे ते हळूहळू उतरत गेले होते, जसा डोंगरावरून रस्ता उतरतो. मधे एका पानावर हे होतं: "आज टपरीवर भाऊ रागावले. कारण: लाईन. घरी येऊन मोजलं. ठीक." बस, इतकंच. मला वाटलं होतं, त्या दिवसाचं काहीतरी मोठं लिहिलेलं असेल.

माझ्या छातीवरून काहीतरी उतरलं, हे मी नाकबूल करत नाही. मला लुटलं नव्हतं. उलट, ज्या माणसाला मी चार लोकांत बंद फोन म्हटलं, तो धडधाकट समोर बसला होता आणि माझ्याकडे पाण्याचा तांब्या सरकवत होता. पण पाणी पिऊन झाल्याबरोबर मला दुसरी गोष्ट दिसली, आणि ती लुटीहून वाईट होती.

"म्हणजे मी जिंकलो ते..."

"तुमीच जिंकले. गोळी तुमीच मारली."

"समोर कच्ची माणसं होती."

"होती."

"तुमी मुद्दाम हारून दर्जा खाली ठेवला."

एक, दोन. "मुद्दाम नाई. त्या लाईनीवर दुसरं काई जमतच नाई."

मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता एक डाव. तुम्ही आणि मी, समोरासमोर. लाईन निम्मी-निम्मी. त्यांनी मान हलवली. मुलीनं चहा ठेवला आणि ती बाजूला बसून बघू लागली, शेजारी कुंपणावर रेलले.

आम्ही अंगणात चार फुटांवर बसून एकमेकांना शोधत होतो. मी दारातून पाऊल बाहेर टाकलं. गोळी तिथे आधीच येऊन थांबलेली होती. परत उतरलो. खिडकीतून डोकावलो, मेलो. मागच्या बाजूनं गेलो, जिन्याच्या वळणावर मेलो. तीन वर्षं लाल आकड्यावर खेळून हा माणूस मी जाणार कुठे हे ओळखायला शिकला होता, आणि आता त्याला हिरवी लाईन मिळाली होती. दहा डाव झाले. दहाही मी हरलो. एकदाही मला ते दिसले नाहीत.

फोन मांडीवर ठेवून मी रागाची वाट पाहत बसलो. तो येतो कुठून हे मला ठाऊक आहे. आधी मानेत, मग कानामागे, मग डोळ्यांत. मुलगीही माझ्या हाताजवळचा चहाचा कप उचलून घ्यायला टपली होती. काही आलं नाही. मी पुन्हा वाट पाहिली. टेकडीवर घंटा वाजली.

काकाजींनी मशीन काढलं. "हात द्या."

"मशीन खरं हाय का खोटं, ते पाह्यचं हाय का अजून?"

"हो."

आकडा आला. त्यांनी तो मला दाखवला नाही, आधी रजिस्टरात लिहिला. मग पान माझ्याकडे वळवलं. एखाद्या कॉलेजात जाणाऱ्या पोराचा असावा तसा आकडा होता. मी त्यांच्या हातातून पेन घेऊन कारणाच्या रकान्यात लिहिलं: "काकाजी चांगले खेळले." मग रजिस्टर त्यांच्यापुढे सरकवलं, कारण हार कारणाशिवाय लिहायची नाही.

निघताना मात्र मी विचारलंच. "मले सांगितलं काऊन नाई?"

याही वेळी दोनच सेकंद लागले.

"वांदरायले सांगितलं होतं का म्या?"

शेजारी हसले, मुलगी हसली, मीही हसलो असेन. केळझर ते देवळी अख्खा रस्ता मी हलका होऊन आलो, गाडी चाळीसच्या वर नेली नाही. घरी बायकोला सगळं सांगितलं. तिला आधीपासून माहीत होतं. टपरीवाल्यालाही माहीत होतं.

पण वानराचा दाखला हा जबाब होत नाही. मी धंदेवाला माणूस आहे. ठरलं त्याहून कमी दिलं तर ती फसवणूक, आणि ठरलं त्याहून जास्त दिलं तर तीही फसवणूकच, कारण घेणाऱ्याला किंमत मोजायची संधीच राहत नाही. सौदा निम्म्याचा होता. तुम्ही मला जवळजवळ पूर्ण लाईन दिली, स्वतः भिंतीत पळत राहिलात, तीन वर्षं माझ्या शिव्या आणि झाडूचा दांडा खाल्ला, आणि माझ्या वाटणीच्या सगळ्या हारी माझ्या नकळत तुमच्या नावावर लिहून घेतल्या. त्या हारी माझ्या होत्या. कोणाला विचारून घेतल्या? कोणत्या हक्कानं?

तोंडानं विचारलं तर तुम्ही वानरं पुढे कराल, म्हणून हे लिहून विचारतो आहे, चार लोकांच्या समोर, जसं टपरीवर बोललो होतो तसंच. काकाजी, जबाब द्या. दोन सेकंद केव्हाच होऊन गेलेत.